जोडी तुटते, पण कोणी बाहेर पडत नाही : उत्तेजित अणुकेंद्रकात नेमकं काय घडतं

तुमचे प्रश्न तीन आहेत. उत्तेजित अणुकेंद्रकात प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या जोड्या कशा तुटतात, त्या सगळ्या एकदम तुटतात की एकेक करून, आणि तुटल्यावर ते कण जातात कुठे? शेवटच्याचं उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. ते कुठेही जात नाहीत. जोडी तुटली तरी दोन्ही कण केंद्रकातच असतात, पुष्कळदा तर त्याच कक्षेत असतात. फरक पडतो तो इतकाच, की आधी दोघांचे कोनीय संवेग (फिरण्याचा जोर आणि दिशा) एकमेकांना पुरते रद्द करत होते, ते आता करत नाहीत.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. जड केंद्रकांत ज्या जोड्यांबद्दल आम्ही बोलतो त्या प्रोटॉन-प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन-न्यूट्रॉन अशा असतात. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची आपसातली जोडी हे वेगळं प्रकरण आहे, त्याकडे शेवटी येतो.

केंद्रकातल्या प्रत्येक कक्षेला एक उलटी कक्षा असते. वाट तीच, ऊर्जा तीच, फिरण्याची दिशा मात्र उलट. एक न्यूट्रॉन या दिशेने आणि दुसरा त्या दिशेने असे दोघे बसले की दोघांचा मिळून कोनीय संवेग शून्य. न्यूक्लीय बलाचा पल्ला फार आखूड असतो. त्यामुळे ज्या दोन कणांच्या वाटा जास्तीत जास्त एकमेकींवर पडतात त्यांना या बलाचा सगळ्यात जास्त फायदा मिळतो, आणि तो मिळतो नेमका या उलटसुलट जोडीला. प्रोटॉनही सम आणि न्यूट्रॉनही सम अशा केंद्रकांचा तळपातळीतला (सगळ्यात कमी ऊर्जेच्या स्थितीतला) स्पिन, म्हणजे सगळ्या कणांचा मिळून कोनीय संवेग, शून्य असतो, आणि आजवर मोजलेल्यांत याला एकही अपवाद सापडलेला नाही. याउलट दोन्ही विषम असलेली केंद्रकं निसर्गात टिकतच नाहीत म्हटलं तरी चालेल. तळपातळीत स्थिर अशी चारच आहेत, तीही सगळी हलकी : ड्युटेरियम, लिथियम-६, बोरॉन-१० आणि नायट्रोजन-१४.

जोडी तुटण्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मला पोलोनियम-२१० चं वाटतं. विद्यार्थ्यांना मी नेहमी तिथूनच सुरुवात करायला लावतो. शिसं-२०८ हे दोन्ही बाजूंनी बंद कवचाचं (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोघांच्याही कक्षांचे गट पूर्ण भरलेले), अगदी ठाम केंद्रक. त्यावर दोन प्रोटॉन ठेवले की पोलोनियम-२१० होतं. हे दोन्ही प्रोटॉन एकाच कक्षेत बसतात, आणि त्या कक्षेत प्रत्येकाचा कोनीय संवेग (क्वांटम एककांत) ९/२ असतो. दोघांची बेरीज ०, २, ४, ६ किंवा ८ अशी होऊ शकते. विषम बेरजा पाउलीच्या नियमामुळे (दोन सारख्या कणांना अगदी एकच स्थिती घेता येत नाही) बाद होतात. दोन प्रोटॉनांमध्ये काहीच आकर्षण नसतं तर या पाचही स्थितींची ऊर्जा एकच आली असती. प्रत्यक्षात मोजमाप काय सांगतं? स्पिन शून्यची स्थिती तळाला, आणि २, ४, ६, ८ या स्थिती तिच्यावर अनुक्रमे ११८१, १४२७, १४७३ आणि १५५७ केईव्हीवर (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, हे ऊर्जेचं एकक). म्हणजे वरच्या चारही जणी पावणेचारशे केईव्हीच्या पट्ट्यात दाटीवाटीने बसल्या आहेत, आणि शून्यवाली मात्र त्यांच्यापासून जवळजवळ बाराशे केईव्ही खाली घसरली आहे. हा खड्डा म्हणजेच जोडीची ऊर्जा.

आता या केंद्रकाला दीड एमईव्ही (१ एमईव्ही म्हणजे १००० केईव्ही) ऊर्जा द्या आणि स्पिन ८ च्या स्थितीत न्या. प्रोटॉन तेच, कक्षा तीच, फक्त दोघांचे संवेग विरुद्ध होते ते आता जवळजवळ एकाच दिशेने झाले. जोडी तुटली ती एवढ्यानेच. गंमत म्हणजे ही स्थिती लगेच मोडत नाही. आठवरून सहावर उतरायला फक्त ८४ केईव्हीची पायरी आहे, आणि इतक्या छोट्या पायरीवरून उतरायला वेळ लागतो. तिचं अर्धायुष्य ९९ नॅनोसेकंदांच्या आसपास आहे. सर्वसाधारण उत्तेजित स्थिती पिकोसेकंदांत संपतात, त्या मानाने हा काळ फार मोठा.

पोलोनियम-२१० मध्ये एकच मोकळी जोडी आहे म्हणून चित्र इतकं सुटसुटीत. कवच अर्धवट भरलेलं असेल तर दहा-बारा जोड्या बऱ्याच कक्षांमधून एकत्र वावरत असतात आणि सतत जागा बदलत असतात. इथे सुपरकंडक्टरचं, म्हणजे काहीच रोध न होता वीज वाहून नेणाऱ्या अतिवाहकाचं, गणित कामाला येतं. धातूंमधल्या अतिवाहकतेचा बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांचा सिद्धांत १९५७ मध्ये आला, आणि पुढच्याच वर्षी ऑगे बोर, बेन मॉटेलसन आणि डेव्हिड पाइन्स यांनी दाखवून दिलं की केंद्रकांच्या ऊर्जापातळ्यांतही तशीच फट दिसते. सम-सम केंद्रकात तळपातळीच्या वर एक-दीड एमईव्हीपर्यंत फारच थोड्या पातळ्या असतात, आणि त्याही सगळ्या केंद्रकाने मिळून फिरण्याच्या किंवा थरथरण्याच्या. शेजारच्या विषम केंद्रकात मात्र काही दहा केईव्हीपासूनच गर्दी सुरू होते, कारण तिथे एक कण आधीच एकटा आहे आणि त्याला हलवायला काही मोडावं लागत नाही.

या फटीचा ढोबळ हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे : १२ ला वस्तुमानांकाच्या वर्गमुळाने भागा, उत्तर एमईव्हीत येतं. वस्तुमानांक १६० च्या आसपास ते ०.९५ येतं. जोडीत दोघे, म्हणून एक जोडी मोडायची किंमत त्याच्या दुप्पट, म्हणजे १.९ एमईव्हीच्या जवळ. तुलनेसाठी सांगायचं तर एखादा न्यूट्रॉन केंद्रकाबाहेर काढायला ८ एमईव्हीच्या आसपास लागतात. जोडी मोडणं हे बाहेर काढण्यापेक्षा बरंच स्वस्त, पण नुसतं फिरवण्यापेक्षा बरंच महाग.

इथे एक गैरसमज होतो, चांगल्या पुस्तकांतल्या चित्रांमुळेही होतो. जोडी म्हणजे दोन कण हातात हात घालून फिरताहेत असं समजू नका. अतिवाहकतेच्या सूत्राने जोडीचा आकार काढला तर तो १५-२० फेम्टोमीटरच्या (१ फेम्टोमीटर म्हणजे मीटरचा दहा लाख अब्जावा भाग) घरात येतो, आणि वस्तुमानांक १६० च्या केंद्रकाची त्रिज्या असते साडेसहा फेम्टोमीटर. जोडी केंद्रकापेक्षा मोठी! म्हणजे सगळ्या जोड्या एकमेकींत पूर्ण मिसळलेल्या असतात. 'कोणती जोडी तुटली' याचं उत्तर त्यामुळे कक्षेच्या भाषेतच देता येतं, अमुक दोन कण अशा भाषेत देता येत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सगळ्या एकदम की एकेक. हा प्रश्न एके काळी आमच्या क्षेत्रातला खरा वाद होता.

१९६० मध्ये मॉटेलसन आणि व्हॅलाटिन यांनी भाकीत केलं की केंद्रक पुरेसं जोरात फिरवलं तर एका ठरावीक वेगाला त्यातल्या सगळ्या जोड्या एकत्रच कोलमडतील. सुपरकंडक्टरला तीव्र चुंबकीय क्षेत्रात ठेवलं की त्याची अतिवाहकता जाते, तिथे चुंबकीय क्षेत्र जे करतं ते इथे कोरिऑलिस बल (फिरत्या वस्तूवर हलणाऱ्याला जाणवणारं बल) करेल, असा तो विचार. बागेतल्या फिरत्या चक्रावर दोन मुलं कडेकडेने विरुद्ध दिशांनी धावायला लागली, तर चक्राच्या दिशेने धावणाऱ्यावर आणि उलट धावणाऱ्यावर हे बल विरुद्ध बाजूंना लागतं. जोडीतले दोघेही असेच विरुद्ध धावणारे. फिरणाऱ्या केंद्रकात एकाची ऊर्जा उतरते, दुसऱ्याची चढते. जोडीचं बल म्हणतं विरुद्ध राहा, कोरिऑलिस म्हणतं दोघेही माझ्या अक्षाकडे वळा. वेग वाढत गेला की कधीतरी कोरिऑलिस जिंकणारच.

१९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये जॉन्सन, रीडे आणि श्टार्किएर यांनी अल्फा कणांच्या माऱ्याने डिस्प्रोसियम-१६० जोरात फिरवलं आणि गॅमा किरणांमध्ये काहीतरी विचित्र पाहिलं. काय, ते एर्बियम-१५८ च्या आकड्यांवरून सांगतो, कारण तिथे ते फार ठसठशीत आहे.

लांबट आकाराचं केंद्रक फिरत असेल तर ते दोन-दोन एककं स्पिन टाकत खाली उतरतं आणि प्रत्येक पायरीला एक गॅमा किरण सोडतं. जितका स्पिन जास्त तितकी पायरी मोठी. एर्बियम-१५८ मध्ये तळापासून वर जाताना पायऱ्या केईव्हीत अशा लागतात : १९२, ३३५, ४४३, ५२३, ५७९, ६०८. इथवर सगळं शिस्तीत, स्पिन १२ पर्यंत. पुढची पायरी साडेसहाशेच्या आसपास यायला हवी. येते ५१०. तिच्यापुढची ४७३. मग परत ५६६, आणि तिथून पुन्हा चढण.

स्पिन वाढतोय आणि पायरी लहान होतेय, याचा अर्थ काय? पायरीची ऊर्जा ही फिरण्याच्या वेगाची खूण असते. केंद्रकाचा एकूण कोनीय संवेग वाढला पण फिरण्याचा वेग कमी झाला. जडत्व आघूर्ण (फिरवायला होणारा विरोध) काढून पाहा : स्पिनच्या चौपटीतून २ वजा करा आणि एमईव्हीतल्या पायरीने भागा. पहिल्या पायरीला ३१ येतात, स्पिन १२ ला ७६, १४ ला १०६ आणि १६ ला १३१. तेवढ्याच वस्तुमानाचा टणक गोळा फिरवला असता तर सुमारे १३० आले असते. तळाशी केंद्रकाचं जडत्व आघूर्ण टणक गोळ्याच्या पाव भागाएवढंच आहे, म्हणजे आतला बराचसा द्रव फिरण्यात सामीलच होत नाही. अतिद्रवाचं, म्हणजे घर्षणाशिवाय वाहणाऱ्या द्रवाचं, हे ठळक लक्षण. आणि मग दोन-तीन पायऱ्यांत एकदम टणक गोळ्याइतकं. या राशीचा आलेख वेगाच्या वर्गासमोर काढला तर रेघ पुढे जाता जाता मागे वळते, म्हणून नाव बॅकबेंडिंग.

साहजिकच अनेकांना वाटलं, मॉटेलसन-व्हॅलाटिन यांचं भाकीत खरं ठरलं, सगळ्या जोड्या कोसळल्या. पण १९७२ मध्ये बर्कलीच्या फ्रँक स्टीफन्स आणि सायमन यांनी जास्त साधं स्पष्टीकरण मांडलं : कोसळलं काहीच नाही, फक्त एक जोडी तुटली. कोरिऑलिसचा परिणाम कणाच्या स्वतःच्या कोनीय संवेगाच्या प्रमाणात असतो. या भागातल्या न्यूट्रॉनांसाठी सगळ्यात मोठा संवेग आहे आय १३/२ या कक्षेचा (आय हे कक्षेचं नाव, १३/२ तिचा कोनीय संवेग). तिथली जोडी सगळ्यात आधी मोडते आणि तिचे दोन्ही न्यूट्रॉन फिरण्याच्या अक्षाकडे वळतात. एकाचे १३/२, दुसऱ्याचे ११/२ (दोघांनाही १३/२ घ्यायला पाउली परवानगी देत नाही), बेरीज १२. म्हणजे एकूण स्पिन १६ पैकी दहा-बारा एककं या दोघांनीच पुरवली. उरलेल्या केंद्रकाला चार-सहा एककांपुरतंच फिरावं लागतं, म्हणून ते मंदावतं. अंदाजे हिशोब करून पाहा : वेगाची ऊर्जा (पायरीच्या निम्मी) या टप्प्यावर पाव ते ०.३ एमईव्ही, गुणिले दहा एककं, म्हणजे अडीच-तीन एमईव्हीची बचत. जोडी मोडायचा खर्च दोनच्या आसपास. सौदा फायद्याचा. (०.३ एमईव्ही म्हणजे केंद्रक सेकंदाला सातावर एकोणीस शून्यं इतक्या फेऱ्या मारतंय.)

कोण बरोबर हे ठरवायला एक सुंदर चाचणी मिळाली. शेजारचं विषम केंद्रक घ्या, ज्याचा एकटा न्यूट्रॉन आधीपासूनच त्या आय १३/२ कक्षेत बसलाय. त्याने ती जागा अडवून ठेवली आहे, त्यामुळे पहिली जोडी तिथे तुटू शकत नाही. एकच जोडी जबाबदार असेल तर इथे बॅकबेंडिंग नाहीसं व्हायला किंवा बरंच पुढे ढकललं जायला हवं. आणि एकटा कण प्रोटॉन असेल तर काही फरक पडू नये. नेमकं तसंच दिसलं. शिवाय त्या स्पिनच्या स्थितींचं चुंबकीय आघूर्ण मोजलं की न्यूट्रॉन वळले तर ते घटतं, प्रोटॉन वळले तर वाढतं. त्यावरूनही गुन्हेगार पकडता येतो. माझ्या मते स्टीफन्स-सायमन यांच्या मांडणीचा खरा जोर तिच्या अडवणुकीच्या चाचणीत आहे, कारण 'सगळं कोसळलं' या स्पष्टीकरणाला एकट्या न्यूट्रॉनच्या कक्षेशी काही देणंघेणं नव्हतं.

म्हणजे उत्तर : एकेक करून. एर्बियम-१५८ मध्ये पहिली न्यूट्रॉन जोडी स्पिन १४ च्या आसपास, मग प्रोटॉनांची एच ११/२ कक्षेतली जोडी २८ च्या आसपास, तिसरा वळसा ३८ जवळ. आणि ४६ ला पोचल्यावर बाहेरच्या सगळ्या कणांचे संवेग एका दिशेला लागलेले असतात आणि केंद्रकाचं लांबटपणही संपतं. त्या मांडणीत त्याच्याजवळ आणखी स्पिन द्यायला काही उरत नाही.

मॉटेलसन-व्हॅलाटिन अगदीच चुकले होते असंही नाही. तुटलेल्या जोडीचे दोन कण दोन कक्षा अडवून बसतात, तिथे उरलेल्या जोड्यांना जाता येत नाही, आणि जोड्यांचं बळ तर या जा-ये करण्यावरच टिकून असतं. त्यामुळे प्रत्येक तुटणं पुढच्याला सोपं करतं. धातूत असंख्य जोड्या असतात, एक गेली तर कोणाला कळतही नाही. इथे डझनभरातली एक गेली की उरलेल्यांना ते जाणवतं. कोलमडणं होतं, पण हप्त्याहप्त्याने.

आता एक कबुली आमच्या सगळ्या प्रयोगांबद्दल. जोडी 'तुटताना' आम्ही क्वचितच पाहतो. कॅल्शियम-४८ चा बीम कॅडमियम-११४ च्या टार्गेटवर मारला की दोन्ही केंद्रकं एक होतात. ते मिश्रण भयंकर तापलेलं आणि भरधाव फिरणारं असतं, त्यात जोड्या उरलेल्याच नसतात. चार न्यूट्रॉन उकळून बाहेर पडतात, एर्बियम-१५८ राहतं, आणि ते गॅमा किरण सोडत खाली उतरतं. म्हणजे आमच्या डिटेक्टरसमोर जे घडतं ते जोडी जुळण्याचं. आधी प्रोटॉनांची जुळते, मग न्यूट्रॉनांची, आणि शेवटी सगळं शून्यावर येऊन निवांत होतं. वरून खाली घडलेली गोष्ट आम्ही खालून वर सांगतो, इतकंच. (जड आयन नुसता जवळून नेऊन त्याच्या विद्युत क्षेत्राने केंद्रकाला पायरी पायरीने वर चढवण्याची पद्धत आहे, तिथे मात्र खरोखर तुटण्याच्या दिशेने प्रवास होतो.)

आणि हे वाचायचं कसं, तर एकाच वेळी आलेल्या गॅमा किरणांवरून. एर्बियम-१५८ चं उदाहरण घेतलं तर ५१० केईव्हीची ती निर्णायक रेषा (गॅमा किरणांच्या ऊर्जेच्या आलेखातलं, म्हणजे स्पेक्ट्रममधलं, टोक) कुठे येते पाहा. पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन नष्ट होताना ५११ केईव्हीची रेषा येते, ती प्रत्येक स्पेक्ट्रममध्ये कुतुबमिनारासारखी उभी असते, आणि आपली रेषा बरोबर तिच्या बगलेत. नुसत्या स्पेक्ट्रममध्ये ती दिसणं जवळजवळ अशक्य. म्हणून १९२ ची किंवा ३३५ ची रेषा पकडायची आणि फक्त तिच्या सोबतीने आलेले किरण मोजायचे, ज्याला आम्ही गेट लावणं म्हणतो. गेट लावला की ५११ खाली बसते आणि ५१०, ४७३, ५६६ वर येतात. एक गेट पुरत नाही तेव्हा दोन लावायचे. त्यासाठी भोवती पुष्कळ जर्मेनियम डिटेक्टर लागतात. आपल्याकडे यासाठी इंगा नावाचा डिटेक्टर-संच आहे. चार-चार जर्मेनियम स्फटिकांचे क्लोव्हर डिटेक्टर त्यात असतात, आणि तो कुलाब्याच्या टीआयएफआर संस्थेतला पेलेट्रॉन-लायनॅक, दिल्लीचं आयुएसी आणि कोलकात्याचं व्हीईसीसी या कणत्वरकांच्या ठिकाणी फिरता राहिलेला आहे. मराठी मुलामुलींनी या विषयात पीएचडी करायची तर बीमटाइमच्या (त्वरक वापरायला मिळालेल्या वेळेच्या) रात्री मुंबईतच काढता येतात.

जोडी तुटण्याची दुसरी तऱ्हा मला बॅकबेंडिंगपेक्षाही मोहक वाटते. तीत फिरण्याचा संबंधच नाही. हाफ्नियम-१७८ घ्या. हे केंद्रक लांबट आहे आणि नुसतं आडवं फिरून स्पिन ८ ला १०५८ केईव्हीवर पोचतं. पण स्पिन ८ मिळवायचा दुसराही मार्ग आहे : एक जोडी मोडा आणि दोघांचे संवेग लांबट अक्षाच्या दिशेने उभे करा. ही स्थिती ११४७ केईव्हीवर लागते. दोघींत फरक फक्त ८९ केईव्हीचा, स्पिन सारखाच, आणि तरीही वरच्या स्थितीला खाली उतरायला चार सेकंद लागतात, जे काम एरवी सेकंदाच्या अत्यल्प भागात व्हायला हवं. कारण एकीत स्पिन अक्षाला काटकोनात आहे, दुसरीत अक्षाच्या बाजूने. एक गॅमा किरण एका झटक्यात इतकी मोठी दिशा बदलू शकत नाही.

एक न्यूट्रॉन जोडी आणि एक प्रोटॉन जोडी अशा दोन्ही मोडल्या तर ८ आणि ८ मिळून १६. ही स्थिती २४४६ केईव्हीवर आहे. तिचं अर्धायुष्य ३१ वर्षं! चार एकटे कण, घरातल्या घरात, तीन दशकं परत जुळायची वाट शोधत बसलेले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस दातांच्या डॉक्टरकडे असतं तसल्या एक्स-रे यंत्राने ही ऊर्जा हवी तेव्हा मोकळी करता येते असा दावा झाला आणि त्यावरून 'गॅमा बॉम्ब'च्या बातम्या रंगल्या. कितीतरी तीव्र एक्स-रे वापरून अमेरिकेतल्या आर्गोन प्रयोगशाळेत तो पडताळला गेला, काहीही निघालं नाही. जोडी का जुळत नाही हे ज्याला कळलंय त्याला या दाव्याबद्दल आधीच शंका यायला हवी होती.

उष्णतेने जोड्या तुटणं थोडक्यात सांगतो. केंद्रकाला फिरवायचं नाही, फक्त ऊर्जा द्यायची. तापमान ०.५ एमईव्हीच्या आसपास, म्हणजे जवळजवळ ५८० कोटी केल्विन, गेलं की जोड्या विरघळू लागतात. ओस्लोच्या सायक्लोट्रॉनवर डिस्प्रोसियम, यटर्बियम अशा केंद्रकांमध्ये पातळ्यांची घनता मोजून उष्णताधारकता काढली गेली. तिचा आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो. सुपरकंडक्टरमध्ये जो तीक्ष्ण टप्पा दिसतो तो इथे पसरट होतो, कारण कणच मोजके.

केंद्रक दुभंगतं तिथे मात्र जोड्यांचा हिशोब उघड्यावर येतो. युरेनियम-२३५ मध्ये न्यूट्रॉन शिरला की त्याला जोडीदार सापडतो आणि साडेसहा एमईव्ही मोकळे होतात. युरेनियम-२३८ मध्ये तो एकटाच राहतो, ४.८ वर भागतं. दुभंगण्याचा अडथळा दोन्हीकडे ६ एमईव्हीच्या आसपास, म्हणून मंद न्यूट्रॉनने एक फुटतं, दुसरं फुटत नाही. पुढे, फुटताना होणाऱ्या तुकड्यांमध्ये सम प्रोटॉनसंख्येचे तुकडे शंभरात साठाहून जास्त निघतात. विषम तुकडे व्हायचे तर एखाद्या प्रोटॉन जोडीतला एक इकडे आणि एक तिकडे जायला हवा. केंद्रकाला आधीच जास्त ऊर्जा देऊन फोडलं की हा पक्षपात नाहीसा होतो.

राहता राहिली प्रोटॉन-न्यूट्रॉन जोडी. हिचे दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नका. पहिला अगदी जवळच्या धडकेचा. अमेरिकेतल्या जेफरसन प्रयोगशाळेत कार्बन-१२ वर वेगवान इलेक्ट्रॉन मारून एक प्रोटॉन उडवला तर पुष्कळदा एक न्यूट्रॉन उलट दिशेने बाहेर फेकला जातो. क्षणभर दोघे एकमेकांना चिकटलेले होते, त्यातला एक गेला तसा दुसराही निसटला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार अशा निकट जोड्यांत प्रोटॉन-न्यूट्रॉन जोड्या प्रोटॉन-प्रोटॉनपेक्षा जवळजवळ वीसपट आहेत. पण या क्षणिक जोड्यांचा आणि वर सांगितलेल्या २ एमईव्हीच्या फटीचा संबंध नाही. तिथल्या ऊर्जा कितीतरी पटींनी मोठ्या आहेत.

दुसरा अर्थ आपल्या विषयाचा. जड केंद्रकांत न्यूट्रॉन जास्त असल्यामुळे बाहेरचे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन वेगळ्या कक्षांत पडतात, म्हणून त्यांची जोडी जमत नाही. दोन्हींची संख्या समान असेल तर मात्र ते एकाच कक्षेत येतात. फ्रान्समधल्या गॅनिल प्रयोगशाळेत पॅलेडियम-९२, ४६ प्रोटॉन आणि ४६ न्यूट्रॉन, तयार करून त्याच्या तीन गॅमा रेषा पकडल्या गेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पायऱ्या जवळजवळ सारख्या अंतराच्या निघाल्या. अर्थ असा लावला गेला की इथे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन स्पिन रद्द करून जुळत नाहीत, तर ९/२ आणि ९/२ मिळवून ९ अशी समांतर जोडी करतात. कण वेगळे असल्यामुळे पाउलीची आडकाठी नाही. कल्पना आकर्षक आहे, पण मी तरी ती अजून पक्की मानत नाही. सारख्या अंतराच्या पायऱ्या साध्या थरथरणाऱ्या केंद्रकातही दिसतात. एका पायरीवरून दुसरीवर उतरायला किती वेळ लागतो हे या केंद्रकांमध्ये नीट मोजलं गेलं, तरच ती जोडी समांतर आहे की नेहमीचीच, हे ठरवता येईल.